नाकातला हरभरा

आमच्या अंगणवाडीत मोबाइलला रेंज एकाच ठिकाणी मिळते. बाहेरच्या पायरीच्या कोपऱ्यावर, तीही हात वर करून उभं राहिलं तर. येणारे-जाणारे चिडवतात, "बाई, सूर्याले पाणी देऊन राह्यल्या का?" मी म्हणते, हो, पण तो पावत नाही. पोरांचा हजेरीचा फोटो आणि खिचडीचा फोटो रोज वेळेत पाठवावा लागतो. नाही गेला की पर्यवेक्षिका बाईंचा फोन येतो, आणि त्या फोनला मात्र कुठेही रेंज मिळते.

आमचं गाव मानोऱ्याकडचं. गावाला लागूनच बंजाऱ्यांचा तांडा आहे, तिथली पोरंही माझ्याकडेच येतात. ती घरी गोरमाटी बोलतात. इतकी वर्षं त्यांना मराठी गाणी शिकवली, पण त्यांच्या भाषेतले चार शब्दही मी धड शिकले नाही. माझं काय अडलं होतं? अडायचं ते त्यांचं अडायचं.

तांड्यावरून एक पोरगी यायची. पाच वर्षांची, अंगाने काटकुळी. मराठी तिला कळायचं, पण बोलताना तोंडातल्या तोंडात राहायचं. कुणी पोर रडायला लागलं की ही उठून त्याच्याजवळ जायची आणि काही न बोलता नुसती चिकटून बसायची. बारक्यांची नाकं स्वतःच्या फ्रॉकने पुसायची. सांगितलेलं काम मी 'पुरे' म्हणेपर्यंत ती करत राही. एकदा मी तिला हात धुवायला पाठवलं आणि विसरून गेले, तर बऱ्याच वेळाने बाहेर पाहते तो ही नळाखाली हात चोळतेच आहे. मी हसले होते तेव्हा. मदतनीस बाईला म्हटलं, किती भोळी आहे बघ.

त्या दिवशी मदतनीस सोयाबीनच्या सोंगणीला गेली होती. दसऱ्याच्या आसपास सगळं गावच शेतात असतं. पंधरा-सोळा पोरं आणि मी एकटी. पोरांना गुंतवायचं म्हणून सुपात हरभरा, तूर आणि सोयाबीन एकत्र केलं आणि वाट्या दिल्या. आपापल्या वाटीत एकेक धान्य वेगळं काढायचं. पोरांना हा खेळ फार आवडतो. बोटांना वळण लागतं, मोजणं येतं, आणि मुख्य म्हणजे बाईला जरा श्वास घेता येतो. तेवढ्यात फोन वाजला. फोटो गेला नव्हता.

मी उठले आणि ओरडले, "हाताची घडी, तोंडावर बोट! कोणाचा आवाज आला तं पाहा मंग." घडी आणि बोट दोन्ही एकदम कसं जमतं हे मला अजून कळलेलं नाही, पण पोरांना जमतं. सगळी चूप झाली. सूप मात्र मी तिथेच त्यांच्या मधोमध ठेवलं, आणि पायरीवर जाऊन हात वर करून उभी राहिले.

दहा मिनिटं गेली असतील. वीसही असतील. मोबाइलवरचं चक्र फिरत राहिलं. आत चिटपाखरू नसल्यासारखी शांतता होती आणि मला स्वतःचं कौतुक वाटत होतं, की पोरांना काय शिस्त लावली आहे.

फोटो गेला आणि मी आत आले. पोरं तोंडावर बोट ठेवून कोपऱ्याकडे बघत होती. कोपऱ्यात ती तांड्याची पोरगी बसली होती. तिच्या मांडीवर अंगणवाडीशेजारच्या घरातल्या तीन वर्षांच्या पोराचं डोकं होतं. तो पाय झाडत होता, डोळ्यांतून पाणी गळत होतं. तिच्या उजव्या हाताची बोटं त्याच्या नाकात होती आणि डाव्या हाताचं बोट स्वतःच्या ओठांवर.

माझं डोकंच फिरलं. मी तिच्या गालावर एक ठेवून दिली. "काय घालून राह्यली व त्याच्या नाकात?"

ती बोलली नाही. "बोल ना! तोंड शिवलं का तुह्यं?" तिने माझ्याकडे पाहिलं. बोट ओठांवर तसंच होतं. मला वाटलं, काय निर्ढावलेली पोरगी आहे. बोट खाली घे असं तिला कुणी सांगितलंच नव्हतं, हे तेव्हा माझ्या ध्यानातही आलं नाही.

पोराच्या नाकपुडीत हरभरा अडकला होता. मी कोपऱ्यावरच्या घरातल्या बाईला अंगणवाडीत बसवलं, तिच्या नवऱ्याला मोटरसायकल काढायला लावली आणि पोराला मांडीवर घेऊन मानोऱ्याच्या दवाखान्याकडे निघाले. अर्ध्या वाटेत पोरगं जरा शांत झालं आणि स्वतःहूनच म्हणालं, "म्या घातला. आत गेला. ताई काढत होती."

मी पुन्हा विचारलं, "कोणं घातला?"

"म्या," तो म्हणाला.

डॉक्टरांनी वाकड्या टोकाच्या सळीने दोन मिनिटांत हरभरा काढला. आणखी फुगला असता तर कठीण होतं, म्हणाले. तेवढ्यात ऑटोने पोराची आजी येऊन पोहोचली. अंगणवाडीतल्या कुठल्यातरी पोराने तिला सांगितलं होतं, की तांड्याच्या पोरीला बाईने मारलं. आजीने त्यावरून ताडलं.

"त्या तांड्याच्या पोट्टीनंच घातला ना?"

आता एक शब्द पुरेसा होता. 'नाही' म्हणायचं होतं. पण नाही म्हटलं की पुढचा प्रश्न होता, मग तुम्ही कुठे होत्या? मग तक्रार, मग नोटीस. मी म्हणाले, "लेकरं हायेत, आजी. जाऊ द्या."

हे खोटं नव्हतं. मी त्या रात्री स्वतःला तेच समजावत होते, की मी कुठे तिचं नाव घेतलं? पण मनातून पुरतं माहीत होतं. उचलली जीभ लावली टाळ्याला, अशी माझी ख्याती, आणि नेमकं बोलायचं तेव्हा मी मूग गिळून बसले.

दुसऱ्या दिवशी पोरगी आली, पण तिच्याजवळ कुणी बसेना. पोरांना घरून सांगून पाठवलं होतं. ती भिंतीशी एकटी बसली. वाट्या मांडल्या तेव्हा तिने हातसुद्धा लावला नाही. मी पाहत होते आणि दुसऱ्या पोरांना गाणं शिकवत होते.

खिचडीच्या वेळेला तिची याडी, म्हणजे आई, आली. शेतातून तशीच आली होती, विळा हातातच. तो पायरीवर ठेवला आणि माझे पाय धरले. "चुकलं बाई पोरीचं. नाव नका काटू तिचं."

मला लाज वाटायला हवी होती, आणि वाटलीही. पण लाजेपेक्षा मोठा होता तो सुटकेचा निःश्वास. मी तिला उठवलं आणि म्हणाले, "असू द्या. पुन्हा करू नको म्हनावं."

आयुष्यात बरंच वेडंवाकडं बोलले आहे. कुणाला शिव्या दिल्या, सासूशी भांडले, एकदा तर सरपंचालाही सुनावलं. त्यातलं काहीच मला टोचत नाही. हे एक वाक्य टोचतं.

दिवाळी झाली आणि ती माणसं ऊसतोडीला गेली, पोरीला घेऊन. मी ठरवलं, परत आली की सांगायचं. उन्हाळ्यात परत आली. तेव्हा ठरवलं, जरा शांत होऊ दे सगळं. वास्तविक सगळं कधीच शांत झालं होतं, अशांत मी एकटीच होते. जूनमध्ये ती समोरच्या शाळेत पहिलीत गेली. मी पायरीवर रेंज शोधत उभी असताना ती दप्तर घेऊन जाताना दिसायची, आणि मी मोबाइलमध्ये डोकं घालायची.

मग परवा, पुन्हा सोंगणीचेच दिवस, तो हरभऱ्याचा पोरगा आता मोठ्या गटात बसतो, तो बाकीच्या पोरांना रंगवून सांगत होता, "माह्या नाकात हरभरा गेला होता. म्याच घातला होता. डाक्टरनं काढला." पोरं खदाखदा हसत होती, तोही हसत होता. चार-साडेचार वर्षांच्या पोराला जे सहज बोलता येत होतं, ते मला वर्षभर जमलं नव्हतं.

अंगणवाडी सुटल्यावर मी आधी त्याच्या आजीकडे गेले आणि सगळं सांगितलं. ती म्हणाली, "कवाचं काय काढता बाई," आणि चहा ठेवला. ज्याला एवढी भ्यायले ते हे एवढंच होतं.

तिथून तांड्यावर गेले. पोरीची आई दारात ज्वारी पाखडत होती. मी बसले नाही. उभ्यानेच म्हणाले, "तुमच्या पोरीनं हरभरा घातला नव्हता. ते काढून राह्यली होती. मले त्याच दिवशी माहीत झालं होतं. म्या सांगतलं नाई."

तिने सूप खाली ठेवलं. मग म्हणाली, "नाई बाई. तिनंच घातला होता. आदी नाई नाईच म्हने. मंग म्या लय मारलं, तवा कबूल झाली."

पोरगी घरातून बाहेर आली होती. मी तिच्यासमोर खाली बसले, तिचे हात धरले आणि सांगितलं, "तू नव्हता घातला, बेटा. तू त्याले मदत करत होती. माही चूक होती. तुही काईच चूक नाई."

तिने आईकडे पाहिलं, मग माझ्याकडे. आता ती मराठी चांगलं बोलते. लहान पोराला समजवावं तसं मला म्हणाली, "नाई बाई, म्याच घातला होता. मले आठवते."

मी नाही म्हटलं, पुन्हा पुन्हा म्हटलं. तिने माझ्या हातातून आपले हात हळूच सोडवून घेतले.

"आता मी बारक्या पोरांजवळ जातच नाई," ती म्हणाली.