क्वालालंपूरचा फ्लॅट आणि अप्पांचा पाहुणचार

चहा घ्या, पण भरलेला कप मांडीवर ठेवू नका. हा किस्सा ऐकताना आमच्या साडूंनी स्वतःची मांडी भाजून घेतली आहे.

तुम्हाला माहीतच आहे, माझं औरंगपुऱ्यात नळ-शॉवरचं दुकान. उभा जन्म लोकांच्या बाथरूमा सजवण्यात गेला, परदेश काय तो कंपनीच्या कॅलेंडरवर बघितला. पोरगी पुण्याला नोकरीला लागली तेव्हा म्हणाली, बाबा, आता तरी कुठं जाऊन या. मग ठरलं क्वालालंपूर. मी, बायको सविता आणि आई.

सविताचं म्हणणं सरळ होतं. टूरवाल्याकडं पैसे भरा आणि गुमान गाडीत बसा. पण आमची आई वैजापूरकडची. ज्वारीची भाकरी पोटात गेल्याशिवाय तिला जेवल्यासारखं वाटत नाही. हॉटेलात तवा कोण देणार? तेव्हा मला कुणीतरी सांगितलं की परदेशात सर्व्हिस्ड अपार्टमेंट नावाचा प्रकार असतो. अख्खा फ्लॅट तुमचा. गॅस, भांडी, फ्रीज, धुण्याचं मशीन, वर झाडून-पुसून देणार. आणि हॉटेलापेक्षा लई स्वस्त.

झालं. दुकानात गिऱ्हाईक उभं आणि मी मोबाइलवर फ्लॅट बघतोय. याचं किचन चांगलं पण स्टेशन लांब, त्याचं स्टेशन जवळ पण बाथरूमच्या फरशा भिकार. शेवटी एक सापडला. जोड इमारती, बारावा मजला, खिडकीतून शहर. घेऊन टाकला. आणि मग जो भेटेल त्याला मी व्याख्यान द्यायला लागलो की हॉटेलात उतरतात ती माणसं येडी असतात.

तर पोचलो. विमानात झोप नाही, आईचे पाय सुजलेले, बॅगेत ज्वारीचं पीठ. टॅक्सीवाल्यानं इमारतीसमोर उतरवलं. गेटवरच्या सिक्युरिटीवाल्यानं आमच्याकडं बघितलं, आईच्या नऊवारीकडं बघितलं आणि विचारलं, "इंडिया? गेस्ट?" मी म्हटलं, व्हय, इंडिया, गेस्ट. त्यानं काय करावं? सलाम ठोकला, बॅगा स्वतः उचलल्या, लिफ्टनं वर आणलं आणि थेट दारासमोर सोडलं. मी सविताकडं बघून भुवया उडवल्या. म्हणजे, बघ, सर्व्हिस!

दारावर नंबर बरोबर. कुलपाचा आकडा मला मेसेजवर आलेला होता. तो दाबायला मी बोट पुढं केलं आणि दार आतूनच उघडलं.

आत एक मुलगी उभी. रेशमी साडी, केसांत गजरा. हात जोडून "या, या" अशा अर्थाचं तमिळमध्ये काहीतरी म्हणाली आणि वाकून आईच्या पाया पडली.

मी हादरलो. एवढ्याशा भाड्यात पाया पडणं पण येतं?

आई तर विरघळलीच. मुलीनं आम्हाला सोफ्यावर बसवलं, पाणी दिलं, स्टीलच्या पेल्यात वाफाळती कॉफी दिली, केळ्याचे वेफर दिले. इंग्रजीत म्हणाली, अप्पा बाहेर गेलेत, आत्ता येतील. आता अप्पा म्हटल्यावर मला परकं काय वाटणार? आमच्या वैजापुरात गल्लीला तीन अप्पा. म्हटलं, मालकाचं नाव अप्पा दिसतंय.

मी धंद्याच्या सवयीनं आधी बाथरूम बघितलं. बेसिनचा नळ ठिबकत होता, तो पाना मागून आवळून दिला. मुलीनं पाना दिला पण माझ्याकडं जरा विचित्र नजरेनं बघितलं. बाहेर आलो तर सविता कुजबुजली की भिंतीवर कुणाच्या तरी घरातले फोटो आहेत आणि स्वयंपाकघरात देवघर आहे, समई पेटवलेली आहे. मी म्हटलं, अगं, पाहुण्याला घरच्यासारखं वाटावं म्हणून करतात हे लोक. सविता म्हणाली, मग त्या कपाटात घडी केलेल्या लुंग्या कशाला? मी म्हटलं, वेफर खा.

आई तोवर स्वयंपाकघरात शिरली होती. तिला तमिळ येत नाही, मुलीला मराठी येत नाही, पण दोघी कढीपत्त्यावर बोलत होत्या.

इतक्यात अप्पा आले. साठीचे गृहस्थ, पांढरी लुंगी, पांढरा शर्ट, कपाळाला भस्म, हातात फळांची करंडी. आम्हाला बघून इतके गडबडले की चप्पल दारात काढायची का आत हेच त्यांना सुचेना. लवकर आलात, मी खाली थांबणार होतो, माफ करा, असं चार वेळा म्हणाले. मग खुर्चीच्या अगदी टोकावर बसले. मी मनात म्हटलं, वा. मालक असावा तर असा. नाहीतर आपल्याकडचे घरमालक!

आता इथं माझ्या इंग्रजीबद्दल एक सांगितलं पाहिजे. माझं इंग्रजी दुकानात वाढलेलं. त्यात विशेषण असतं, भाव असतो, पण कर्ता नसतो. कशाबद्दल बोलतोय ते गिऱ्हाईकानं समोरच्या नळाकडं बघून ओळखायचं.

अप्पांनी घसा खाकरून विचारलं, "बघितलंत ना सगळं? आवडलं का?"

मी पाय पसरून बसलो आणि म्हटलं, "फोटो व्हेरी गुड. रियल, लिटल ओल्ड."

अप्पांचा चेहरा पडला. मला वाटलं, उगाच बोललो, माणूस भला आहे. म्हणून सावरायला पुढं म्हटलं, "बट नो प्रॉब्लेम. मेंटेनन्स गुड."

स्वयंपाकघरात भांड्यांचा आवाज एकदम थांबला.

अप्पा पांढऱ्या शर्टापेक्षा पांढरे झाले. करंडीतली फळं उगाच सारखी करायला लागले. मग हळू आवाजात म्हणाले की तिची आई ती लहान असतानाच गेली, मी एकट्यानं जमेल तसं केलं. मी मान हलवली. मला वाटलं, फ्लॅटचा इतिहास सांगतायत. बायको गेल्यावर एकट्या माणसाला घराची रंगरंगोटी कुठं जमते?

त्यांनी धीर करून विचारलं, "मग पुढचं काय ठरवताय?"

मी म्हटलं, "फाइव्ह डेज ओन्ली. देन लंकावी. देअर, अनदर वन. मोअर बिग."

म्हणजे इथं पाच दिवस, मग लंकावी बेटावर जाणार, तिथं दुसरा फ्लॅट घेतलाय, तो याहून मोठा. यात चुकलं काय, तुम्हीच सांगा.

सविताचं बोट माझ्या मांडीत इतकं जोरात रुतलं की मी अर्धा उठलोच. तिला उलगडलं होतं. बायकांना हे कळतं. रेशमी साडी, गजरा, ट्रेमधून आलेली कॉफी, घाबरलेला बाप. ती मराठीत एवढंच म्हणाली, "अहो, गप बसा. हा फ्लॅट नाही. हा दाखवण्याचा कार्यक्रम आहे."

मुलगी दारात येऊन उभी होती. डोळे भरलेले, पण आवाज कापत नव्हता. स्वच्छ इंग्रजीत म्हणाली, "अंकल, तुमच्या भाच्याला सांगा, मला हे लग्न करायचं नाही."

भाचा? मला भाचाच नाही. मला बहीण नाही. मी मोबाइल काढला आणि तिच्यासमोर धरला, बुकिंग, पत्ता, फोटो, सगळं. तिनं वाचलं. परत वाचलं. मग माझ्याकडं बघितलं आणि म्हणाली, "अंकल, तुमचा फ्लॅट टॉवर बी. हा टॉवर ए आहे. इंडियाचे पाहुणे येणार म्हणून अप्पांनी गेटवर सांगून ठेवलं होतं."

मंडळी, आता हिशेब बघा. मी एका परक्या माणसाच्या घरात घुसलो होतो, त्याची कॉफी प्यालो होतो, त्याच्या बाथरूमचा नळ आवळला होता आणि त्याच्या तोंडावर त्याच्या लेकीला जुनी म्हणालो होतो. वर मेंटेनन्सचं कौतुक केलं होतं.

मी हात जोडले. मराठी, हिंदी, इंग्रजी, जी सापडेल त्या भाषेत माफी मागितली. अप्पा खुर्चीतून उठले आणि परत बसले. त्यांना वरपक्ष गेल्याचं दुःख करावं का आम्ही वरपक्ष नसल्याचा आनंद मानावा, हेच कळत नव्हतं. मुलीनं त्यांना तमिळमध्ये समजावलं. मग मात्र ती हसायला लागली. रडता रडता हसत होती, थांबेचना.

आईनं मला विचारलं, काय झालं रे. मी सांगितलं. आई माझ्याकडं बघून म्हणाली, "तुझ्या बापानं म्हैस बघायला पाठवलं तवा पण तू गोठा चुकला व्हतास." मग तिनं त्या मुलीचे गाल दोन्ही हातांनी धरले, तिचे डोळे आपल्या पदरानं पुसले आणि कानशिलावर बोटं मोडली. म्हणाली, "लई गुणाची हाय माय. ज्याच्या घरात जाशील त्याचं सोनं हुईल." मुलीला शब्द कळले नाहीत, पण तिनं आईला मिठी मारली.

नेमकी तेव्हाच बेल वाजली. दारात खरे पाहुणे. कोईमतूरहून आलेले मुलाचे मामा आणि मामी. त्यांना काय दिसलं? सोफ्यावर रिकामे पेले, आईच्या गळ्यात पडून डोळे पुसणारी मुलगी, आणि बॅगा उचलून खालमानेनं निघालेलो आम्ही. आम्ही त्यांच्या बाजूनं सरकून लिफ्टमध्ये शिरलो. खाली पोचेपर्यंत मी लिफ्टच्या आरशात स्वतःकडं बघितलं नाही.

टॉवर बीचा फ्लॅट फोटोतल्यासारखाच होता. मला त्यातलं काही दिसत नव्हतं. आईनं भाकऱ्या केल्या, त्यातली अर्धी मी ताटात तशीच ठेवली. डोळ्यासमोर सारखा अप्पांचा पडलेला चेहरा. आपल्यामुळं त्या पोरीचं मोडलं असणार, दुसरं काय?

दुसऱ्या दिवशी सकाळी दारावर टकटक. अप्पा. मी मागंच सरकलो, म्हटलं आता हा माणूस पोलीस घेऊन आला. पण त्यांच्या हातात मिठाईचा डबा होता आणि मागं मुलगी खुदुखुदू हसत होती.

लग्न ठरलं होतं. तिथल्या तिथं, उभ्या उभ्या. मामा-मामींना वाटलं होतं की दुसरं एक स्थळ आधीच येऊन बसलंय आणि मुलगी हातची जाते. मामीनं पर्समधून अंगठी काढून बसायच्या आधी मुलीच्या बोटात घातली.

मला इतकं हायसं वाटलं की मी अर्धा डबा एकट्यानं संपवला. अप्पांना म्हटलं, बघा, माझी चूकसुद्धा कामाला आली. पण एक कळेना. आम्ही तिघंच होतो, मग मामांना नवरदेव कोण वाटला?

अप्पांनी नजर छताकडं वळवली. मुलीनं ओठ दाबून धरले, मग न राहवून सांगून टाकलं. मामांनी घरात पाऊल ठेवताच अप्पांना बाजूला घेऊन म्हटलं होतं, "काही करा, पण एवढ्या सोन्यासारख्या पोरीला त्या टकल्या म्हाताऱ्याच्या गळ्यात बांधू नका. आमच्याकडून होकार समजा."

आणि सविता? तिला मामांनी नवरदेवाची धाकटी बहीण समजलं.

तेव्हापासून आमच्या घरात "अहो" बंद झालंय. चारचौघांत, दुकानात गिऱ्हाईकासमोरसुद्धा, बायको मला दादा म्हणते.