चुका : निरंक

सरांच्या टायपिंग इन्स्टिट्यूटमधल्या एकाही कीबोर्डला बॅकस्पेसची कळ नव्हती. सरांनी त्या सगळ्या स्क्रूड्रायव्हरने उचकटून काढल्या होत्या आणि पेढ्याच्या रिकाम्या डब्यात भरून टेबलाच्या खणात ठेवल्या होत्या. नवीन आलेला विद्यार्थी पहिल्या दिवशी हमखास तक्रार करायचा, की कीबोर्ड मोडका आहे. सर डबा उघडून दाखवायचे, झाकण लावायचे आणि म्हणायचे, "मोडला नाई. सुधरवला."

बाभुळगावात एका कृषी केंद्राच्या वरच्या मजल्यावर ही इन्स्टिट्यूट होती. तिथे आधी टायपरायटर होते. बारा मशिनी एका वेळी खडखडायच्या अशा खोलीत सरांची तीस वर्षं गेली आणि त्यांच्याबरोबर सरांचा उजवा कानही बराचसा गेला. पुढे मशिनी भंगारात गेल्या, चार कॉम्प्युटर आले, पण कायदा जुनाच राहिला. टायपरायटरला खोडायची सोय नव्हती, म्हणून कोणालाच ती मिळणार नव्हती. चूक झाली तर थांबायचं नाही, पुढचा शब्द घ्यायचा. उतारा संपला की सर लाल पेनने चुकांभोवती गोल काढत आणि खाली 'चुका' असं लिहून पुढे आकडा टाकत. एकही चूक नसेल तर शून्य लिहीत नसत, सरकारी पत्रात लिहितात तसं 'निरंक' लिहीत. मी आठ महिने टायपिंग केलं. मला निरंक एकदाही मिळालं नाही.

तिथे मी टायपिंग शिकायला गेले आणि डीजे होऊन बाहेर पडले. याला कारण माझा मामेभाऊ. त्याने नवीन कंट्रोलर घेतला आणि जुना मला दिला. दोन गोल चकत्या, मधे वर-खाली सरकणाऱ्या पट्ट्या. एक गाणं संपत आलं की दुसरं त्याच ठेक्यात त्याच्यात मिसळायचं, कोणाला सांधा कळता कामा नये, एवढंच काम. पण त्याला कॉम्प्युटर लागतो आणि तो आमच्या घरी नव्हता. दुपारी इन्स्टिट्यूट रिकामी असायची, म्हणून भीत भीत सरांना विचारलं. सर हाकलून देतील याची मला खात्री होती. त्यांनी फक्त विचारलं, मिनिटाला किती ठोके. मी म्हटलं, एकशे अठ्ठावीस.

"म्हणजे स्पीडचंच काम हाय," सर म्हणाले आणि चौथा कॉम्प्युटर मला दिला. घरी मी सांगितलं की स्पीड वाढवायला जास्तीची बसते आहे. हे अगदीच खोटं नव्हतं.

आता सॉफ्टवेअर कोणतं घ्यायचं हा प्रश्न होता. यावर इंटरनेटवर पोरं एकमेकांच्या आईबापांपर्यंत पोचलेली होती. मामेभावाने पेनड्राइव्हवर एक महागडं सॉफ्टवेअर चोरून आणलं. सरांनी तो पेनड्राइव्ह कॉम्प्युटरला लावूही दिला नाही. इन्स्टिट्यूटमध्ये कॉपी चालत नाही, म्हणाले. मग फुकट मिळणारी तीन उतरवून घेतली आणि सरांनी त्यांची परीक्षा घेतली. मी रेकॉर्डिंग सुरू करायचं आणि दहा मिनिटांनी सरांनी जिन्यातला मेन स्विच बंद करायचा.

"गावात लाइन जाते," ते म्हणाले. "या सॉफ्टवेअरले ते माहीत हाय का नाई, ते पाहू."

पहिल्यात रेकॉर्डिंगचं बटण होतं, पण ते दाबलं की पैसे मागायचं, त्यामुळे ते स्विचपर्यंत पोचलंच नाही. दुसरं दिसायला फार देखणं होतं. लाइन आल्यावर त्यात काहीही शिल्लक नव्हतं. तिसरं रंगाने मळकट होतं, पण त्यात लाइन गेल्याच्या क्षणापर्यंतची दहा मिनिटं जशीच्या तशी निघाली. सरांनी तेच पास केलं, त्याच्या माहितीपुस्तकाची प्रिंट काढली आणि तिला स्पायरल बायंडिंग करून माझ्या हातात दिली. मी आजही तेच सॉफ्टवेअर वापरते. लोक हसतात. माझं रेकॉर्डिंग मात्र कधी गेलेलं नाही.

सरांना गाण्यांतलं काही कळत नव्हतं आणि कळून घ्यायची इच्छाही नव्हती. मी मिक्स रेकॉर्ड करायचा, दुसऱ्या दिवशी सरांनी तो ऐकायचा, असा रिवाज पडला. ते स्पीकर टेबलावर ठेवायला लावत, डावा पंजा टेबलावर सपाट ठेवत आणि उजव्या हातात लाल पेन घेत. पंजा ठेवणं ही त्यांची ऐट आहे असं मला बरेच दिवस वाटायचं. कागदावर मिनिट-सेकंद आणि पुढे शेरा: घाई. जड हात. विनाकारण आवाज. एकदा मी हौसेने सगळे इफेक्ट वापरले, तर सरांनी मधेच थांबवून विचारलं, "तू इतके बटनं कायले दाबून राह्यली? उताऱ्यात जेवढं हाय तेवढंच टाइप कर."

त्या वर्षी यवतमाळच्या एका महिला मंडळाला गरब्यासाठी मुलगी डीजे हवी होती. साउंडचं काम ज्यांच्याकडे होतं त्यांना सगळे भाऊ म्हणत. अर्ध्या तासाचं रेकॉर्डिंग आणून द्या, ऐकून ठरवतो, असा त्यांचा निरोप आला. नऊ दिवस, खरा मंडप, समोर खरी माणसं. मला ते काम इतकं हवं होतं की पोळी लाटतानाही हात ठेका धरायचा. मी मिक्स केला, आणि बाविसाव्या मिनिटाला हात घसरला. दुसरं गाणं अर्धा ठोका आधी घुसलं. सवयीने पुढे गेले आणि दोन ओळींत सावरून घेतलं. सरांनी कागदावर लिहिलं, 'चुका : १'.

तो एकचा आकडा मला सहन झाला नाही. मी मामेभावाच्या घरी जाऊन तेवढाच तुकडा कापून टाकला. आता रेकॉर्डिंग स्वच्छ होतं. ते थेट भाऊंकडे न्यायचं सोडून मी पुन्हा सरांकडे नेलं, कारण मला निरंक हवं होतं.

बाविसाव्या मिनिटाला सरांचा पंजा टेबलावरून उचलला गेला.

"तीन ठोके गेले कुठं?"

मी तुकडा कापल्याचं कबूल केलं.

"शब्द चुकला तं एक चूक," सर म्हणाले. "ओळ गाळली तं पेपर रद्द."

त्यांनी चौथ्या कॉम्प्युटरमधून मूळ रेकॉर्डिंग पेनड्राइव्हवर घेतलं, त्याला लाल शेऱ्यांचा कागद रबरबँडने बांधला आणि एसटीने स्वतः यवतमाळला जाऊन भाऊंना देऊन आले. माझ्या चुकीचा दाखला घेऊन हा माणूस तालुक्यातून जिल्ह्याला गेला होता. मी त्या दिवशी घरी रडले आणि सरांवर मनापासून चिडले.

आठवड्याने भाऊंचा फोन आला. बाकीची रेकॉर्डिंगं धुतल्या तांदळासारखी होती, म्हणाले, सगळी कापून जोडलेली. "तू चुकली, पन ठेका नाई थांबवला. गरब्यात ठेका थांबला का बाया एकमेकींवर पडते. मागच्या साली दोघींचे पाय मुरगळले." असं मला माझं पहिलं काम मिळालं.

सर एका संध्याकाळी मंडपात आले. गरब्याकडे पाठ करून जनरेटरशेजारच्या खांबाला हात लावून उभे राहिले आणि जाताना कागद देऊन गेले. 'चुका : १४'. पुढे दर नवरात्रातल्या एका दिवसाचं रेकॉर्डिंग मी त्यांच्याकडे नेत राहिले. नऊ आल्या, पाच आल्या, दोन आल्या. एका वर्षी एक आली.

मग इन्स्टिट्यूट बंद झाली आणि सर अमरावतीला मुलीकडे राहायला गेले. गेल्या वर्षी दिवाळीनंतर मी तिथे गेले. नेलेलं अर्ध्या तासाचं रेकॉर्डिंग मी स्वतः तीनदा तपासलं होतं. त्यात एकही चूक नव्हती. घरात नातवाचा अभ्यास चालू होता, म्हणून स्पीकर न लावता सरांना हेडफोन दिला. त्यांनी तो कानांवर चढवला, डावा पंजा टेबलावर ठेवला, पेन उघडलं आणि अर्धा तास न हलता बसले. शेवटी कागदाची घडी करून माझ्या हातात दिली आणि चहा घेऊन जा म्हणाले.

त्यांची मुलगी मला सोडायला फाटकापर्यंत आली. बाबांना दसऱ्यापासून दोन्ही कानांनी काहीच ऐकू येत नाही, तिने सांगितलं. तुम्ही इतक्या दुरून आलात, म्हणून त्यांनी मला आधी बोलू दिलं नाही, म्हणाली.

स्पीकरचे ठोके सर टेबलावरून पंजाने मोजत आले होते, आणि आज हेडफोनमुळे अर्धा तास तो पंजा मुक्या टेबलावर होता. मी तिथेच कागद उघडला. तारीख होती, माझं नाव होतं, खाली सरांची सही होती. 'चुका' च्या पुढची जागा कोरी होती. तीन अक्षरी खोटं लिहून मला खूश करणं त्यांना सहज जमलं असतं, आणि मुलगी बोलली नसती तर मला ते कळलंही नसतं. मी फाटकाला धरून रडले.

तो कागद माझ्याकडे आहे. घरात लाल पेनही आहे. ती जागा मी भरलेली नाही.