कवडी कापसाची चोरी

नानांना जाऊन दोन महिने झाले. ते माझे थोरले भाऊ, धरणगावजवळच्या आमच्या गावचे एकेकाळचे पोलीस पाटील. मी जळगावात शाळामास्तर. त्यांच्याविषयी लिहायला बसतो आणि दर वेळी एका सभेपाशी येऊन थांबतो.

दुसरं महायुद्ध सुरू होण्याच्या दोन-तीन वर्षं आधीची गोष्ट. कापसाच्या चोऱ्या वाढल्या, तेव्हा कायदा कडक करावा, दुसऱ्यांदा सापडेल त्याला फटके द्यावेत, असा ठराव आमच्या वाचनालयात चर्चेला होता. सरकारी अहवालातून तालुक्याचे आकडे मीच उतरवून काढले होते. एका वर्षात ते एकदम चढलेले. ठराव मांडणाऱ्या वकीलसाहेबांनी ते वाचून दाखवले तेव्हा सभा गंभीर झाली आणि मला थोडा अभिमानच वाटला.

नाना कापूस घेऊन जळगावच्या जिनात, सरकी काढायच्या कारखान्यात, आले होते, ते येऊन शेवटच्या बाकावर बसले.

आमच्याकडे शेवटची वेचणी झाली की मालक आपली गुरं पऱ्हाटीत, कापसाच्या उभ्या झाडांत, सोडतो. गुरं शिरली की शेत मोकळं. मग बोंडांत अडकून राहिलेली कवडी, म्हणजे डागी, किडका कापूस, कोणीही वेचून न्यावा. परवानगी कोणी मागत नाही, कोणी तोंडानं देतही नाही. त्या साली नवे फौजदार आले. ओटीत कापूस घेऊन निघालेली बाई दिसली की त्यांचे शिपाई तिला अडवून विचारत, कोणी दिला? बाई काय सांगणार, बैलांनी? आमच्याच शेतातली कवडी नेणाऱ्या एका म्हातारीवर खटला झाला होता. तारीख पुढच्या आठवड्यात होती.

नाना उठले. त्या सभेत गावची बोली कोणी बोलत नसे.

"चोरी नही वाढनी, भाऊ," ते म्हणाले. "आम्ही आते लिखाले लागनूत."

कोणीतरी हसलं. वकीलसाहेब हसले नाहीत. त्यांनी शांतपणे विचारलं, म्हणजे आजवर पाटील चोऱ्या कळवतच नव्हते? हो म्हणणं म्हणजे पाटीलकीवर पाणी सोडणं, हे नानांना कळत होतं. तरी ते म्हणाले, कवडीची कधीच कळवली नाही.

सभेचं इतिवृत्त लिहिणं माझ्याकडे होतं. मी लिहिलं, 'ठरावावर चर्चा झाली. ठराव बहुमताने संमत.' नानांचं बोलणं गाळलं. त्यांना वाचवलं, अशी माझी समजूत.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी जुंपताना त्यांनी विचारलं, मी बोललो ते उतरवून घेतलंस ना? म्हातारीच्या वकिलाला त्याची नक्कल कोर्टात दाखवायची होती. शिकलेल्या माणसांच्या सभेत पाटलानं सांगितलेला रिवाज, म्हणजे त्याला काही वजन आलं असतं. मी सांगितलं, नाही लिहिलं. पाटीलकी जाईल म्हणून नाही लिहिलं. ते रागावले नाहीत. बैलाचा पट्टा आवळत म्हणाले, "मंग मालेच जानं पडी."

गेले. कोर्टात शपथेवर तेच सांगितलं. आपली गुरं कोणत्या दिवशी शेतात सोडली तेही सांगितलं. म्हातारी सुटली. नानांची पाटीलकी आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आत गेली. पुढे इतकी वर्षं आम्ही एका पंगतीला जेवलो, शेताचं, पोरांच्या लग्नांचं बोललो, पण हा विषय त्यांनी काढला नाही. मलाही काढवला नाही.

मी लिहिलं असतं तरी पाटीलकी गेलीच असती, हे मला पक्कं ठाऊक आहे. त्यामुळे मनाचं समाधान मात्र होत नाही. लिहिलं असतं तर त्या कागदाखाली माझी सही असती, आणि साक्षीदाराच्या पिंजऱ्यात त्यांना एकट्याला उभं राहावं लागलं नसतं.