बैठकीत नसल्यासारखं बसणं

मी गोंदियातल्या एका कॉलेजात वाणिज्य शिकवतो आणि पीएच.डी. करतो. म्हणजे शिकवतो कधीकधी आणि पीएच.डी. करतो असं सांगतो नेहमी. गावची सहकारी संस्था निर्णय कसा घेते, हा माझा विषय. त्यासाठी चिचगडकडची धान उत्पादकांची एक संस्था निवडली. धान खरेदी केंद्र यंदा कुठं लावायचं, गावाच्या देवळापुढच्या पटांगणात की डांबरी रस्त्याला लागून, यावर तिथं वाद होता. म्हणजे निर्णय होणार, आणि मी तो होताना बघणार.

नागपूरच्या माझ्या मार्गदर्शक मॅडमनी एकच गोष्ट बजावली होती. "तुम्ही बैठकीत असाल, पण नसल्यासारखे. तुम्ही तोंड उघडलंत की ती त्यांची बैठक राहत नाही. आणि या हंगामात एक खरी बैठक मिळाली नाही, तर विषय बदला."

विषय बदलणं म्हणजे आधीचे सगळे आराखडे पुन्हा पहिल्यापासून. त्या धास्तीनं मी पोत्याच्या रंगाचा शर्ट शिवायला टाकला. बैठका संस्थेच्या गोदामात होत; तिथं धानाच्या पोत्यांशेजारी बसलं की दिसणारच नाही, अशी माझी योजना होती. बायको म्हणाली, "पोतंच घालून जा ना, शिवायचा खर्च वाचेल."

वाटेत कोहमाऱ्याला चहा घेऊन मी मोटारसायकलवर पुढं निघालो तेव्हा डोक्यात आराखडा पक्का होता. गोदामात पाऊल टाकलं आणि तो संपला. अध्यक्ष, म्हणजे पांढऱ्या मिशांचे एक धिप्पाड शेतकरी, उठून उभे राहिले. "या जी सर, या!" टॉवेल टाकलेली खुर्ची माझ्यासाठी होती. शाल आली, नारळ आला, आणि माझ्या हातात अगरबत्ती देऊन देवाच्या फोटोपुढं उभं केलं. नंतर, "सर दोन शब्द सांगतील." मी दोन शब्द सांगितले. ते पंधराएक मिनिटं चालले असावेत, कारण मास्तराला दोनच शब्द येत नाहीत. मग आलुबोंडे झाले आणि बैठक संपली. केंद्राचं नावही कोणी काढलं नाही. पाहुण्यासमोर भांडायचं नसतं.

पुढच्या वेळी मी हुशारी केली. मुद्दाम उशिरा गेलो, मागच्या दारानं शिरलो आणि पोत्यांच्या थप्पीच्या आडोशाला जमिनीवर बसलो. आत रस्ता की पटांगण हे चांगलं रंगलं होतं. एका संचालिकेचा आवाज चढला होता. या बाईंची शेती रस्त्यापासून लांब, गावाच्या पलीकडच्या टोकाला, आणि जीभ त्याहून पुढं. मला घाम फुटला, आनंदानं. तेवढ्यात कोणाचं तरी लक्ष गेलं.

"अरे बाप्पा! सर भुईवर बसले!"

सगळे उठले. पाहुणा भुईवर आणि आपण खुर्चीवर, हे त्यांना झेपेना. खुर्च्या मागं सरकल्या आणि अख्खं संचालक मंडळ माझ्याभोवती फतकल मारून बसलं. मीही हट्टानं गप्प बसलो. मॅडमनी सांगितलंच होतं. कोणी विचारलं, "सर, तुमाले का वाटते?" मी नुसता हसलो. पुन्हा विचारलं, पुन्हा हसलो. संशोधक असा हसतो, असं मला वाटत होतं. त्यांना ते कसं दिसलं, हे अध्यक्षांच्या फोनवरून कळलं.

"सरजी, ठराव झाला नाई. तुमी काईच बोलले नाई ना. लोकं म्हनतात, सर वरून आले, सर नाराज हाय. मंग कोन हात वर करते?"

"अहो, मी नाराज नाही! मला बोलायची परवानगी नाही!"

"थेच तं सांगून राहिलो. परवानगी नाई म्हनजे मामला गंज मोठा हाय."

आता मला झोप कुठली. हलका, म्हणजे लवकर पिकणारा धान कापणीला आला होता, केंद्राची जागा ठरत नव्हती, आणि कारण माझं हसू. वर्गात शिकवताना फळ्यावर लिहायचं विसरायचो. हा घोटाळा मॅडमना सांगावा की न सांगावा, या विचारात फोन हातात धरून गच्चीवर फेऱ्या मारायचो. शेवटी न सांगताच निघालो.

या खेपेला मी खुर्ची घेतली, आलुबोंडा घेतला, आणि विषय निघताच तोंड उघडलं. "माझ्या मते रस्त्यालगतची जागा बरी. ट्रक थेट लागतो."

मग त्या संचालिका माझ्याकडं वळल्या. "काऊन जी? ट्रकचा इचार करून राहिले, ट्रॅक्टरचा कोन करन? आमचा धान का उडत येते?"

"पण वाहतूक..."

"वाहतूक कायले? रस्त्याले लागून उतार हाय. पानी पडलं का धान वल्ला!"

"सर बरोबर बोलून राहिले," कोपऱ्यातून एकजण.

"तुहं घर रस्त्याले हाय, तू तं बोलशीनच!"

आणि बांध फुटला. कोण कोणाला काय म्हणतंय ते कळेना. अध्यक्ष टेबलावर थापा मारत होते. मी उभा राहून, बोंड्याचा हात हवेत नाचवत, उताराला ताडपत्री हा उपाय सांगत होतो. कोणी ऐकत नव्हतं. "बसा जी सर, तुमाले का समजते!" असं कोणी तरी म्हणालं आणि मला इतका राग आला की मी खरंच बसलो नाही.

मतदान झालं. रस्त्याच्या बाजूनं हात वर गेले, त्यात माझाही.

"सर," अध्यक्ष शांतपणे म्हणाले, "तुमचा हात खाली. तुमी सभासद नाई."

केंद्र पटांगणात ठरलं. दुसऱ्या दिवशी मंडप टाकायचं कोण बघेल तेही ठरलं, आणि लोक हसत घरी गेले.

खरी बैठक मिळाली होती. पण मी भांडत होतो. आधी कोणाचं मत फिरलं, कोणाच्या बोलण्यानं फिरलं, यातलं मला काहीच आठवेना. मॅडमना फोन करून सगळं सांगितलं. त्या आधी हसल्या. "आता एकेकाकडं जा आणि विचारा, काय झालं ते. त्यांनाही, आणि स्वतःलाही."

म्हणून मी आधी संचालिकांच्या अंगणात गेलो. त्या धान पाखडत होत्या. मी विचारलं, "ताई, त्या दिवशी बैठकीत काय झालं?"

सूप न थांबवता त्या म्हणाल्या, "तुमीच तं सगळ्यात जास्त बोंबलून राहिले होते. तुमीच सांगा, मंग मी सांगतो खरं काय थे."

मी बाजेवर बसलो आणि सांगायला लागलो.