शबानाच्या हातचं

ईदचा दुसरा दिवस होता. सोलापूर स्टेशनवर माझ्या दोन बॅगा, डोळे पुसणारी माझी आई, अव्वा, आणि धापा टाकत आलेली तू. हातात स्टीलचा डबा. "शीरखुर्मा हाय. पहिल्यांदाच शिजवून आणलाय बघ. डब्लिनला चाललीस, आता नेम कशाला पाळतीस?"

शबाना, तोवर ईदला तुमच्याकडून आम्हाला डबाभर कोरडा शिधाच यायचा. कच्च्या शेवया, साखर, चारोळी, खारका. आम्ही लिंगायत, घरात अंडंही चालत नसे, म्हणून तुझी अम्मी काही न शिजवता द्यायची आणि अव्वा आपल्या पातेल्यात खीर करायची. शेजारचं भांडं रिकामं परत करायचं नाही, म्हणून संक्रांतीला त्यातूनच शेंगापोळ्या तुमच्याकडं जायच्या. यात कुणालाच काही कमी वाटलं नाही.

त्या दिवशी मी अव्वाकडं पाहिलं. ती बॅगांचे पट्टे आवळत होती. मीच म्हणाले, "गाडीत मळमळंल गं, राहू दे." आणि डबा तुझ्या हातात दिला. रिकामं भांडं परत न करणाऱ्या घरातली मी, भरलेलं परत केलं. तू हात हलवत राहिलीस, तेच जास्त लागलं.

इथं डब्लिनला वृद्धांच्या केअर होमच्या शिफ्टमध्ये पहिल्याच हिवाळ्यात सगळे नेम सुटले. कॅन्टीनला असेल ते मायक्रोवेव्हमध्ये गरम करायचं आणि एकटीनं खायचं. काय खाल्लंस, का खाल्लंस, विचारायला कुणी नाही. त्याचंच रडू येतं.

अव्वा गेल्यानंतर, यंदा मुद्दाम ईद धरून सोलापूरला आले. तू गळ्यात पडलीस, बाहेरच्या खोलीत बसवलंस आणि शाकाहारी खानावळीतून मागवलेलं ताट पुढं केलंस. कडक भाकरी, शेंगाचटणी. स्वतःही माझ्यासोबत तेच खाल्लंस. आत तुझी पोरं शीरखुर्म्यातल्या काजूंवरून भांडत होती. मी म्हटलं, "मलाबी दे की वाटीभर."

तू हसलीस. "चेष्टा करू नगं. त्या दिवशी डबा परत दिलास, तवाच समजले मी. अव्वा न्हाईत म्हणून तुझा नेम मी मोडू व्हय? पाप लागंल मला."

तेव्हा तोंड उघडलं नाही, आता लिहिते. नेम कधीच मोडलाय गं. जगात कुणाकुणाच्या हातचं खाल्लं, तुझ्याच हातचं तेवढं राहिलं. आमचं घर विकलं; सोलापुरात माझं म्हणावं असं आता तुझंच घर, आणि तिथं मी पाहुणी. पुढच्या खेपेला इतकं जपू नकोस. आत घे, पोरांच्यात बसव आणि काजूसाठी मलाही भांडू दे.