रुग्ण शांत

ज्या माणसाच्या तोंडून दिवसाकाठी जेमतेम अकरा शब्द बाहेर पडतात, त्याला भोंगा म्हणायचं ही कल्पना तिसऱ्या मजल्यावरच्या निवृत्त मास्तरांची. बिल्डिंगने ती एकमताने उचलून धरली, आणि या बिल्डिंगचं एकमत जिन्यातल्या दिव्यावरसुद्धा कधी झालेलं नाही. भोंगा अँब्युलन्सवर पॅरामेडिक आहे. पुढे गाडी बोंबलत पळते, मागे हा माणसाला हॉस्पिटलच्या दारापर्यंत जिवंत नेतो. अठरा वर्षं हेच काम. नवं नाव त्याच्या कानावर गेलं तेव्हा त्याने मान हलवली आणि तो जिना चढून गेला. राग नाही, हसू नाही. समोरचा चिडतच नाही म्हटल्यावर चिडवणाऱ्याची केवढी पंचाईत होते!

पूर्वी तो असा नव्हता. जिना चढताना शीळ घालायचा, तीही बेसूर. पहिल्या मजल्यावरच्या आजी दार उघडून, मेल्या, सूर तरी सांभाळ, म्हणून ओरडायच्या. दोन वर्षांपूर्वी कधीतरी ती शीळ थांबली. पाण्याची मोटर बंद पडली तर इथे पाच मिनिटांत बोंबाबोंब होते. शीळ बंद पडलेली लक्षात यायला वर्ष गेलं. मग जरा चर्चा झाली. कुणी म्हणालं वय झालं, कुणी म्हणालं दात पडला असेल.

त्याची बायको औषधांच्या दुकानात काउंटरवर असते. सगळ्या वस्तीची दुखणी तिला पाठ, आणि एकही ती सांगत नाही. बिल्डिंगच्या मते हा तिच्यातला मोठाच दोष. नवऱ्याबद्दल तर अवाक्षर नाही. पण एका संध्याकाळी तिने एक उद्योग केला. भाजी केली आणि मुद्दाम मीठ घातलं नाही. बघू तरी काय म्हणतो ते. भोंगा बसला, जेवला, ताट धुऊन जागेवर ठेवलं आणि खिडकीत जाऊन उभा राहिला. मग ती स्वतः जेवायला बसली. एक घास तोंडात घातला आणि तशीच बसून राहिली.

ही गोष्ट तिने एकाच माणसाला सांगितली, मामांना. मामा म्हणजे भोंग्याच्या गाडीचे ड्रायव्हर. ते कुणाचेच सख्खे मामा नाहीत आणि सगळ्या डेपोचे मामा आहेत. चौदा वर्षं दोघे एका गाडीवर. मामांच्या तोंडाला ब्रेक नाही असं डेपोत म्हणतात. सिग्नल, साहेब, सून, गुडघा, काहीही चालतं त्यांना. भोंगा ऐकतो की नाही हे त्यांनी कधी तपासलं नाही. पण मिठाची गोष्ट ऐकून ते जे गप्प झाले ते चहा निवेपर्यंत गप्पच होते, असं कळतं. आता हे कुणी कुणाला सांगितलं ते विचारू नका.

त्यानंतर महिन्याभरात डेपोत नोटीस लागली. गाडीवरच्या प्रत्येकाने चार दिवसांचं प्रशिक्षण घ्यायचं. विषय असा, की मन आजारी असलेल्या माणसाकडे जायचा कॉल आला तर त्याच्याशी कसं वागायचं, काय बोलायचं. चौथ्या दिवशी परीक्षा. जो नापास तो गाडीवरून खाली, स्टोअरमध्ये. स्टोअर म्हणजे तळघरातली लांबोडकी खोली. बँडेजचे गठ्ठे, सलाइनची खोकी आणि दिवसभर जळणारी ट्यूबलाइट. बाकीचे कुरकुरले. भोंग्याने नोटीस दोनदा वाचली. गाडीवर असला की त्याचे हात आपोआप चालतात. नाडी, बीपी, ऑक्सिजन, स्ट्रेचरचा पट्टा. हात चालले की दिवस सरतो. त्या तळघरात, त्या ट्यूबलाइटखाली हात रिकामे ठेवून बसायचं म्हणजे काय, हे त्याला विचारानेसुद्धा नको वाटलं. त्याला भीती वाटली असं म्हणायला हवं, पण भीतीही त्याला वाटल्यासारखी वाटत नव्हती. ती कुठेतरी होती, एवढंच त्याला कळत होतं, शेजारच्या खोलीत कुणी वावरावं तशी.

डेपोच्या वरच्या हॉलमध्ये वर्ग भरला. प्लास्टिकच्या खुर्च्या, कटकट वाजणारा पंखा, आणि कोपऱ्यात छाती दाबायचा सराव करायचा तो रबरी बाहुला चादर पांघरून आडवा. मामांनी आल्या आल्या बाहुल्याची विचारपूस केली. शिकवायला मनोरुग्णांच्या वॉर्डातल्या एक सिस्टर होत्या. उंची बेताची, आवाज त्याहून बेताचा, पण तीस जणांना गप्प करायला पुरेसा.

पहिल्याच दिवशी सिस्टरनी विचारलं, की रस्त्यावर अपघात झालाय, चौघं पडलीत, तिघं ओरडतायत, एक गप्प आहे, तर आधी कुणाकडे जाल. तीसच्या तीस जण म्हणाले, गप्प आहे त्याच्याकडे. हे यांच्या हाडात मुरलेलं असतं. ओरडतो त्याचा श्वास चालू आहे, त्याच्याकडे जरा उशिरा गेलं तरी चालतं. सिस्टर म्हणाल्या, बरोबर. मग विचारलं, हाच नियम घरात का विसरता? भोंग्याने वहीत काहीतरी लिहिलं आणि मग त्यावर बोट ठेवून बसला.

दुसऱ्या दिवशी तो प्रश्न आला. समोरच्याला जगणं नकोसं झालंय अशी शंका आली तर आडवळणं घ्यायची नाहीत, सरळ विचारायचं, जीव द्यायचा विचार मनात येतो का. मागून कुणीतरी म्हणालं, विचारून उलट डोक्यात भरवल्यासारखं नाही का होणार. सिस्टर म्हणाल्या, विचारल्याने तो विचार येत नाही, असलेला बाहेर येतो. मग एकेकाला उभं करून जोडीदाराला तो प्रश्न मोठ्याने विचारायला लावला. कुणी अडखळलं, कुणी हसलं, कुणी इतक्या गोड आवाजात विचारलं की चहा घेणार का असं वाटावं. भोंग्याची पाळी आली. समोर मामा. त्याने तोंड उघडलं, 'जीव' एवढाच शब्द निघाला, आणि त्याने खिशातून ऑक्सिजन मोजायची क्लिप काढून मामांच्या बोटाला लावली.

हॉल हसून लोळायचा बाकी राहिला. मामाही हसले. सिस्टर हसल्या नाहीत. उद्या पुन्हा, एवढंच म्हणाल्या. तिसऱ्या दिवशीही तेच झालं. फक्त क्लिपऐवजी त्याने मनगट धरलं.

कारण होतं, आणि ते मामा सोडून कुणाला ठाऊक नव्हतं. दोन वर्षांपूर्वी एक कॉल आला होता. घड्याळं दुरुस्त करणारा एक माणूस, एकटाच राहणारा. परगावच्या बहिणीने फोन केला होता, की भाऊ फोन उचलत नाही, जरा बघून या. हे दोघे गेले तर त्याने स्वतःच दार उघडलं. खोली लख्ख आवरलेली. नाडी, बीपी, साखर, ऑक्सिजन, सगळं नाकासमोर चालणारं. बहिणीची उगाच धावपळ झाली म्हणून त्याने माफी मागितली. निघताना भिंतीवरचं एक सुरेख घड्याळ काढून मामांच्या हातात देऊ लागला. न्या, मला आता नको, म्हणाला. ड्युटीवर काही घेत नाही असं मामांनी हसत सांगितलं. भोंग्याने दारातच फॉर्म भरला. 'रुग्ण शांत. हलवण्याची गरज नाही.' सही केली. चौथ्या दिवशी त्याच पत्त्यावर पुन्हा कॉल आला. तेव्हा करण्यासारखं काही उरलं नव्हतं.

कुणी बोल लावला नाही. फॉर्ममधला एकही रकाना रिकामा नव्हता, त्यामुळे चौकशी पण झाली नाही. वर्गाच्या तिसऱ्या दिवशी सिस्टर खुणा सांगत होत्या, माणूस आवडीच्या वस्तू वाटून टाकायला लागतो, अचानक फार शांत होतो, वगैरे. मामा पहिल्यांदाच खाली बघत बसले. भोंग्याने सगळं नीट, सुवाच्य अक्षरात उतरवून घेतलं.

चौथा दिवस. परीक्षा जोडीजोडीने. एकाने आपल्या मनाने कुठलाही पेशंट व्हायचं, दुसऱ्याने त्याच्याशी बोलायचं. मामांनी आधीच्या तीन दिवसांत पेशंट म्हणून जे रंग उधळले होते त्याला तोड नव्हती. एकदा तर खुर्चीवरून पडले, आणि सिस्टरना म्हणावं लागलं, मामा, नाटक कंपनी नाही ही. त्यामुळे त्यांची जोडी उठली तशा मागच्या खुर्च्या पुढे सरकल्या.

मामा बसले. पण कसे? पाय जुळवून, हात गुडघ्यांवर, नजर समोरच्या भिंतीवर. मग त्यांनी पेनचं टोपण काढून कानामागे खाजवलं. हॉल फुटला. तो हुबेहूब भोंगा होता.

भोंगा समोरच्या खुर्चीवर बसला. आपलीच नक्कल बघून त्याला काही वाटायला हवं होतं. तो थांबला, पण काही आलं नाही. त्याने विचारलं,

"काय होतंय?"

"काही नाही," मामा म्हणाले. पुन्हा हशा.

"झोप?"

"होते."

"जेवण?"

"जेवतो." मामांनी टोपण पेनला लावलं. "मध्यंतरी बायकोनं भाजीत मीठ घातलं नाही. मुद्दाम. बघायला. मी जेवलो, ताट धुतलं, खिडकीत जाऊन उभा राहिलो."

हसणं थांबलं. मागे एकाचं थोडं लांबलं, मग तेही थांबलं. पंखा कटकटत होता. भोंग्याला हे माहीत नव्हतं. त्याने ती संध्याकाळ आठवायचा प्रयत्न केला. ताट आठवलं, नळ आठवला. चव काही आठवेना, त्या दिवसाची नाही आणि आदल्या दिवसाचीही नाही.

"शीळ घालायचो मी," मामा पुढे म्हणाले. आवाज त्यांचा राहिला नव्हता. "आता नाही घालत."

"कधीपासून?"

"घड्याळवाल्यापासून."

भोंग्याचा हात खिशात गेला. क्लिप बोटांना लागली. तो हात तसाच रिकामा बाहेर आला आणि गुडघ्यावर बसला.

"तुमच्या मनात जीव द्यायचा विचार येतो का?" त्याने विचारलं. सबंध, न अडखळता.

आता मामांनी उत्तर द्यायचं होतं. चौदा वर्षांत ज्यांचं उत्तर कधी अडलं नव्हतं, ते तोंड उघडं ठेवून नुसते बसले. मग नक्कल सोडून, अगदी हळू म्हणाले, "ते मला कसं ठाऊक असणार रे? ते तूच सांग."

सिस्टरनी पेन खाली ठेवलं. शांतपणे सांगितलं, की प्रश्न नीट विचारला गेलाय, परीक्षा झाली, भोंगा पास. सोमवारी गाडीवर जायला हरकत नाही. आणि मामांनी आत्ता जे विचारलं त्याचं उत्तर सगळ्यांदेखत द्यायलाच हवं असं नाही. म्हणजे दार उघडं होतं. उठायचं, वही घ्यायची, जायचं. मामांची गंमत, असं म्हटलं असतं तर तीसच्या तीस जणांनी विश्वास ठेवला असता.

भोंगा उठला नाही.

"जीव द्यायचा नाही येत," तो म्हणाला. आपल्या वहीतलंच वाचून दाखवावं तसं. "पण काही वाटत नाही. कशाचंच. मी त्याला विचारलं नव्हतं, सिस्टर. शांत, असं लिहिलं."

सिस्टरनी त्यालाच विचारलं, की असा पेशंट मिळाला तर पुढे काय करायचं असतं. भोंग्याने पाठ झालेलं सांगितलं, एकटं सोडायचं नाही, घरच्या एकाला कळवायचं, डॉक्टरांकडे न्यायचं. चुकला नाही. मग सिस्टरनी उरलेलं सांगितलं. डॉक्टर मंगळवारी भेटतील, त्या स्वतः बरोबर येतील. आणि सहा आठवडे गाडी नाही. तोवर स्टोअर.

पास होऊन स्टोअरमध्ये जाणारा डेपोतला तो पहिलाच. मामांनी जिन्यात त्याला सांगितलं, घाबरू नकोस, रोज येऊन बसेन तिथे गप्पा मारायला. भोंगा म्हणाला, "त्यापेक्षा ट्यूबलाइट बरी." मामा तीन पायऱ्या उतरून गेल्यावर थांबले आणि वळून त्याच्याकडे बघत राहिले. दोन वर्षांनी हा टोमणा आला होता. चेहरा मात्र होता तसाच.

त्या दिवशी भोंगा साडेचारलाच घरी आला, आणि बरोबर मामा, तेही गप्प. बिल्डिंगने एवढ्यावर काय काय रचलं ते सांगत नाही. आजींनी सस्पेंड केलं, मास्तरांनी हृदयविकार दिला.

बायकोची त्या दिवशी सुट्टी होती. ती गॅसपाशी उभी होती. पास झालात का, तिने विचारलं. झालो, तो म्हणाला. मग सोमवारपासून गाडी? सहा आठवडे नाही. तिने मामांकडे पाहिलं. मामांना नेमका तेव्हाच आपल्या बुटाच्या नाडीत रस उत्पन्न झाला.

भोंगा उभाच होता.

"मीठ नव्हतं ते मला कळलं नव्हतं," तो म्हणाला. "अजूनही कळत नाही. बरेच दिवस."

तिने गॅस बंद केला. पातेल्यावर झाकण ठेवलं, हात पुसले, स्टूल ओढलं आणि त्याला समोर बसवलं. मामा उंबऱ्यातच बसले, दाराला पाठ लावून, कुणी आत डोकावायला आलंच तर अडेल असे. आतून आधी तिचा आवाज येत होता, मग त्याचा, एकसुरी, थांबत थांबत. ती कमीच बोलत होती. जिन्यातला दिवा लागला तेव्हाही त्याचंच चाललं होतं. अकरा शब्दांचा हिशेब केव्हाच मोडला होता.

मंगळवारी तो सिस्टरबरोबर डॉक्टरांकडे गेला. बुधवारी स्टोअरमध्ये बसला. संध्याकाळी जिना चढून आला तेव्हा पहिल्या मजल्यावरच्या आजींनी दार किलकिलं करून कान दिला. शीळ नव्हती. त्यांनी थोडं थांबून दार लावून घेतलं.