हवा कुठे अडली

ओटावातल्या त्या हिवाळ्यात आमची बेडरूम अचानक गारठली. घर गरम ठेवणाऱ्या फर्नेसचा फिल्टर तुंबला असणार, म्हणून नवऱ्याने बेसमेंटमध्ये जाऊन तो बदलला, तरी गरम हवा येईना. शेवटी मेकॅनिक बोलावला. तो पलंगापलीकडे वाकला आणि तसाच बघत राहिला. गरम हवा येते त्या जमिनीतल्या जाळीवर प्लास्टिक अंथरून त्यावर साबुदाण्याच्या पापड्या ओळीने वाळत घातल्या होत्या! नागपूरहून आलेल्या माझ्या आईला एवढी ऊब वाया जाताना बघवली नव्हती. मी हसून हसून खालीच बसले. मेकॅनिकने प्लास्टिकला हात घातला, तशी आई मराठीतच कडाडली, “खबरदार! अजून ओल्या आहेत!” त्याला एक अक्षर कळलं नसेल, पण त्याने हात मागे घेतला.

पुढचे दोन दिवस आम्ही जॅकेट घालून झोपलो.